बाण कुणीकडे? भातखाचराच्या प्रकल्पाच्या नोंदी

मावळातली दोन शिक्षकी शाळा. पाचवी ते सातवीची मिळून २७ मुलं एका वर्गात बसतात. विषय ‘सजीवांचं अन्न आणि ऊर्जा’. वही माझी आहे, पण मुलांनी विचारलेलं जसंच्या तसं उतरवायचं असं ठरवलंय.

शनिवार, १५ जून २०२४

शाळा उघडली. फुलं, पुस्तकं, गोड खाऊ उरकून शेवटच्या तासाला प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी दिली आणि एकच प्रश्न विचारला: भाताचं रोप काय खातं?

११ जणांनी युरिया लिहिलं. ९ जणांनी माती. ५ जणांनी पाणी. एकाने ‘शेणखत आणि युरिया’ असं दोन्ही लिहून खाली रेघ मारली. पाचवीतल्या एका मुलीने ‘ऊन’ लिहिलं होतं, पण शेजारणीची चिठ्ठी बघून ते खोडलं आणि वर ‘माती’ केलं. खोडलेलं मी मोजलं.

मग अन्नसाखळी काढायला सांगितली. सगळ्यांनी गवत, हरीण, वाघ. दोघांनी वाघाऐवजी सिंह. या वर्गात कुणी रानातलं हरीण पाहिलेलं नाही, वाघ तर नाहीच. आमच्याकडे बिबट्या येतो, तो कुत्रं उचलतो, आणि कुत्रं एकाच्याही साखळीत नव्हतं.

त्याहून गमतीचे बाण. बहुतेकांचा बाण वाघाकडून हरणाकडे. ‘बाई, वाघ हरणावर झेप घेतो ना!’ झेप तिकडे जाते हे खरं. पण आपल्याला झेपेचा बाण काढायचा नाही, जेवणाचा काढायचाय. जेवण ज्याच्या पोटात गेलं त्याच्याकडे टोक. हे मी फळ्यावर लिहून ठेवलं. किती दिवस टिकतं बघू.

यंदा वाघ नको असं ठरवलं. कुंपणाला लागून आबांचं खाचर आहे, तेच आमचं जंगल. आबांना विचारलं तर म्हणाले, ‘बघा की. फक्त रोपं तुडवू नका.’

मंगळवार, १८ जून

मागच्या भिंतीवर खाकी कागद जोडून मोठा तक्ता केला. चिकटपट्टी आमच्या ओल्या भिंतीवर आठवडाभरही टिकत नाही, म्हणून कणकेची खळ शिजवली. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण हा वर्ग बोटं चाटणारा आहे, म्हणून मोरचूद वगळला.

पहिली चित्रं लागली: सूर्य, भात, माणूस. बाण सुतळीचे, टोकाला रंगीत कागदाचा त्रिकोण. बाकी जागा रिकामी.

शनिवार, २२ जून

आज राखेचा दिवस. हा प्रयोग मला झोपेत सुचला म्हणायला हरकत नाही, कारण कुठल्या पुस्तकात पाहिल्याचं आठवत नाही.

‘झाड माती खातं’ असं म्हणणाऱ्यांना म्हटलं, मग झाड जाळलं की माती परत मिळायला हवी. दुकानातून तोलून आणलेलं १ किलो वाळकं लाकूड पोषण आहाराच्या चुलीखाली वेगळं जाळलं. मावशींनी चूल आधी झाडून दिली. थंड झाल्यावर राख गोळा केली. ती एका मुलाच्या ओंजळीतही भरली नाही. दुकानाच्या काट्यावर काटा हललाच नाही.

‘बाकीचं कुठं गेलं?’

‘धुरात.’

‘आणि धूर कुठं गेला?’

‘हवेत.’

मग हळूच विचारलं, गेलं हवेत, तर आलं कुठून? सातवीतला एक लांबोडा मुलगा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘बाई, म्हणजे लाकूड हवेचं बनतं?’ सगळे हसले. मी हसले नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळातून आलेलं पाणी, एवढ्यावर पान उन्हाच्या जोरावर साखर करतं, आणि त्याच साखरेचं पुढे खोड, लाकूड, दाणा होतो. मातीतून येतात ते क्षार. लागतात, पण चिमूटभर. ती चिमूट म्हणजे ही राख. उन्हाळ्यात आपण राब भाजतो, म्हणजे तरव्याच्या (रोपांच्या) वाफ्यावर पालापाचोळा जाळतो, तेव्हा तीच चिमूट त्या वाफ्याला परत देतो.

युरियावालेही गप्प बसले नाहीत. मग युरिया का टाकायचा? त्यातून नत्र मिळतं, पान हिरवं आणि जोमदार होतं. पण त्यातून ताकद मिळत नाही. मीठ नसेल तर भाजी जमत नाही, पण मिठाने पोट भरत नाही. हे उदाहरण त्यांना लगेच पटलं.

सोमवार, २४ जून

एकीने घरी तूस जाळून आणलं. डबाभर तुसाची वाटीभर राख! ‘बाई, तुमचं खोटं निघालं.’

खोटं नाही, पण अर्धवट होतं. भात मातीतून सिलिका उचलतो, म्हणजे वाळूत असते तीच चीज, आणि ती पानांच्या कडेला व तुसात साठवतो. भाताच्या पातीने हात कापतो तो त्यामुळेच. तुसाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा राख म्हणून उरतो. आबांच्या घरी अजून तुसाच्या राखेची राखुंडी दाताला लावतात, ती खरखरीत का लागते हेही कळलं. मला हे आधी सांगायचं सुचलं नव्हतं, ते तिच्या डब्यामुळे सांगावं लागलं.

तासाच्या शेवटी यान बाप्टिस्टा फान हेल्मोंटची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकातला बेल्जमकडचा वैद्य. त्याने कुंडीत २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, वाळवलेली माती भरली आणि ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं. ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं, आणि माती परत वाळवून तोलली तर जेमतेम २ औंस कमी, म्हणजे ६० ग्रॅमच्या आत. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापून आला. हवेचं त्याला सुचलं नाही. आमच्या लांबोड्याला सुचलं, याचा त्याला आज दिवसभर माज होता. असू दे.

गुरुवार, ४ जुलै

पानात अन्न तयार होतं हे दाखवायचा प्रयोग. सपशेल फसला.

अंगणातल्या जास्वंदीच्या पानावर सकाळी काळ्या कागदाची पट्टी लावली. आभाळ भरलेलं. दुपारी पान तोडलं, पाण्यात उकळलं, मग स्टोव्ह विझवून गरम पाण्यात स्पिरिटची नळी ठेवून हिरवा रंग काढला, वर आयोडीन टाकलं. पिष्ट, म्हणजे पानात साठलेलं अन्न, असेल तिथे ते निळं-काळं होतं. सगळं पान निळं-काळं. पट्टीखालचा भागसुद्धा.

‘बाई, अंधारातपण अन्न होतं.’

चूक माझी. पानात कालचं, परवाचं पिष्ट साठलेलं होतं, ते आधी संपू द्यायला हवं होतं. मुलांना तसंच सांगितलं. कुंडीतली जास्वंद दोन दिवस कपाटात ठेवून ती साठवण संपवायची आणि मग उन्हाच्या दिवशी पट्टी लावायची. ऊन कधी पडतं ते आता आषाढाच्या हातात.

गुरुवार, ११ जुलै

लावणी. वर्गात ९ मुलं, बाकीची खाचरात. मीही नऊ जणांना घेऊन बांधावर गेले. हजेरी बांधावरच घेतली.

पॉवर टिलरमागे गायबगळ्यांची रांग. टिलरशी त्यांचं काही देणंघेणं नाही. माती उलटली की गांडुळं, किडे, बेडकं उघडी पडतात, ते टिपतात. मी पाहिलेली पहिली चिखलणी बैलांची होती, तेव्हा बगळे बैलांमागे असायचे.

बांधाच्या भोकात खेकडा. खेकड्याची चिठ्ठी कुठे लावायची यावर भांडण झालं. तो कोवळं रोप कातरतो, कुजकं खातो, मिळाला तर मेलेला किडा खातो, आणि त्याला आपण खातो. त्याला एका ओळीत बसवताच येईना. शेवटी खेकड्याला तीन सुतळ्या आल्या आणि माणसाकडे चौथी गेली. साखळी हा शब्द इथेच ढिला पडायला लागला. एक मुलगा म्हणाला, ‘हे तर जाळंय.’ पुस्तकात अन्नजाळं पुढच्या पानावर आहे, तिथवर तो खेकड्यामुळे आधीच पोहोचला.

गुरुवार, १८ जुलै

मंगळवारी शाळेमागच्या डबक्यातून काचेच्या बरणीत बेडूकमासे आणले होते. पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात. मोजून १९. थोडं शेवाळही टाकलं, कारण मी सांगितलं होतं की बेडूक मोठेपणी किडे खातो आणि लहानपणी शेवाळ. तक्त्यावर चिठ्ठीही लावून झाली होती.

काल आषाढी एकादशीची सुट्टी. आज सकाळी बरणीत ८.

मांजर आलं असेल, कुणी सांडले असतील, जिरले असतील, असे तर्क झाले. पण झाकण जागेवर, पाणी तेवढंच. एक बेडूकमासा मात्र चांगला गरगरीत दिसत होता. पहिल्या तासाला सगळे बरणीभोवती कोंडाळं करून बसले. वीसेक मिनिटांत त्या गरगरीताने एकाला शेपटीकडून पकडलं आणि ओढत नेलं.

मुली ओरडल्या. पोरं खूश झाली.

पावसाळ्यात खाचरात पिवळाधमक होऊन ओरडतो तो मोठा बेडूक, त्याची पिल्लं पाण्यातसुद्धा मांसाहारी असतात आणि दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात. हे मला माहीत असायला हवं होतं. चिठ्ठी फाडून दोन केल्या. शेवाळाकडून एका बेडूकमाशाला बाण आणि त्या बेडूकमाशाकडून दुसऱ्याला. उरलेल्यांना मधल्या सुट्टीत त्याच डबक्यात सोडलं. गरगरीताला डबक्याच्या दुसऱ्या टोकाला सोडा, असा ठराव मुलांनी केला. मी हरकत घेतली नाही, पण डबकं एकच आहे.

मोठ्या बेडकावरून एक जुनी गोष्ट निघाली. एकेकाळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जेवणाच्या टेबलांवर जायच्या, त्यासाठी शेतातले हे मोठे बेडूक पकडले जायचे. १९८७ साली ती निर्यात बंद झाली. बेडूक कमी झाले तर त्याच्या ताटातले किडे कोण खाणार, ही काळजी त्यामागे होती. आबांना हे ऐकून हसू आलं. ‘तंगड्याच नेत होते? बाकीचा टाकून?’

सोमवार, २९ जुलै

ऊन! सकाळी दहाला पट्टी लावली, अडीचला काढली. पट्टीखाली फिकट तपकिरी, बाजूला निळं-काळं. मधोमध पट्टीची सरळ कड. हे पान वहीत चिकटवलंय.

१७७९ साली यान इंगेनहाउसने दाखवलं की हे काम फक्त हिरवा भाग करतो आणि फक्त उजेडात. त्यालाही पहिल्या खेपेला जमलं नसणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

नागपंचमी. आज चिरायचं-कापायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही, म्हणून घरोघरी दिंडं. कालच मुलांनी विचारलं होतं, नागाच्या चिठ्ठीला दुधाकडून बाण द्यायचा का?

आईने वारुळाला दूध वाहिलं त्यावर मी बोलले नाही. तक्ता मात्र पोटात काय जातं त्याचा आहे. साप दूध पीत नाहीत. आमच्या खाचरातल्या धामणीला उंदीर आणि बेडूक, दिवडाला मासे आणि बेडूक. आबा म्हणाले, ‘धामण दिसली की मी त्या साली उंदराचं औषध आणत नाही.’ धामणीची चिठ्ठी आबांच्या हस्ते लावली.

शनिवार, ३१ ऑगस्ट

अळीचे दहा दिवस. सविस्तर लिहिते, कारण ऊर्जा हा शब्द मुलांना इथे समजला.

शाळेच्या लिंबाच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी मिळाली. हेच तिचं सोंग, पक्षी फसतो. कात टाकता टाकता ती हिरवी झाली. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंग काढते आणि उग्र वास सोडते. पंचवीस जणांनी डिवचून पाहिलं, मग मी डबा टेबलावर घेतला.

काम असं: रोज मोजून पानं द्यायची, प्रत्येक पानाची आकृती आलेखाच्या कागदावर काढायची, दुसऱ्या दिवशी उरलेलं पान परत त्यावर ठेवून गेलेले चौकोन मोजायचे. लेंड्या वेगळ्या बाटलीत. वजनासाठी बाजारपेठेतल्या सोनारकाकांचा काटा. काका आधी चक्रावले. मग रोज तेच विचारायला लागले, ‘आज किती भरली?’

आज अळी कोषात गेली. हिशेब मांडला. चौकोनांवरून काढलेलं पानांचं वजन एका बाजूला, अळीची वाढ दुसऱ्या बाजूला. खाल्लं त्याच्या पाव भागाइतकीसुद्धा ती वाढली नव्हती.

‘बाकीच्या लेंड्या झाल्या.’

लेंड्याही तोलल्या. तरी मेळ बसेना. बराच वाटा गायब.

इथे मी त्यांना सांगितलं, काल रात्रीपासून तुम्ही काय-काय खाल्लं ते आठवा, आणि तेवढं वजन वाढलंय का सांगा. हात एकमेकांवर घासा. नाकापुढे तळहात धरा. ऊब, ओल, श्वास. अन्न शरीरात सावकाश जळतं, त्याच्या जोरावर चालायचं, वाढायचं, कात टाकायची, आणि बरंचसं ऊब होऊन निघून जातं. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड म्हणजे अळीच्या चुलीचा धूर. पाण्याचा अंशही श्वासातून, अंगातून जातो.

लांबोडा म्हणाला, ‘मग ती अळी खाणाऱ्या पक्ष्याला फक्त उरलेलंच मिळणार.’

हो. फक्त उरलेलं. मी फळ्याकडे वळले, पण त्याच्या वाक्याहून सोपं मला काही लिहिता आलं नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपवून वरच्या पठारावर गेलो. सड्यावर सीतेची आसवं, निळी-जांभळी. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. ओल्या मातीत तिचे बारीक फुगे असतात, सूक्ष्म जीव आत ओढून घेणारे. पाचवीतल्या मुलीने (उन्हावाल्या) लगेच विचारलं, ‘मग हिचा बाण उलटा?’

बाण येतो तिच्याकडे, पण भुकेपोटी नाही. कातळावरच्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नाही, ते ती जीवांकडून मिळवते. साखर स्वतःची, उन्हाची. म्हणजे युरियासारखंच? म्हणजे युरियासारखंच. मुलीने तक्त्यावर त्या बाणाला वेगळा रंग दिला.

उतरताना कुणीतरी विचारलं, सूर्याशिवाय जगणारं काहीच नाही का. आहे. १९७७ साली गालापागोस बेटांजवळ खोल समुद्रात गरम पाण्याची विवरं सापडली. तिथे उजेड पोचत नाही. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडसारख्या रसायनांतून ऊर्जा घेतात आणि त्यांच्यावर मोठमोठे किडे, शिंपले जगतात. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी काळ्या खडूने समुद्र काढला. मावळात समुद्र, पण चालतं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आजचा दिवस घुबडाचा.

पडक्या वाड्याच्या तुळईवर गव्हाणी घुबडाची जोडी आहे. गावात त्याला अशुभ समजतात, म्हणून वाड्यात कुणी जात नाही आणि घुबडांना ते बरंच पडतं. खाली करड्या गोळ्या पडलेल्या असतात. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं, केस गोळी करून तोंडावाटे टाकतं. विष्ठा नाही, हे तीनदा सांगावं लागलं. मी ६ गोळ्या आणल्या, उन्हात कडक वाळवल्या, पाण्यात भिजवल्या. काड्या, चिमटे, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या.

पहिल्या गोळीतच कवटी निघाली आणि वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता झाली. असा वर्ग मी पंधरा वर्षांत क्वचित पाहिलाय.

६ गोळ्यांत १४ कवट्या. ११ कवट्यांना पुढे लांब, वाकडे, नारिंगी झाक असलेले दात. ते उंदीर. ३ मात्र निमुळत्या, बारीक टोकदार पांढऱ्या दातांच्या. ‘हेपण उंदीरच.’ नाही, ही चिचुंद्री. दात सांगतात की ही दाणे कुरतडत नाही, किडे फोडते.

मग तक्त्यावर दोन वाटा झाल्या. भात, उंदीर, घुबड. आणि भात, किडा, चिचुंद्री, घुबड. एकाच पक्ष्याच्या एकाच जेवणात तो एका घासाला तिसऱ्या पायरीवर आणि दुसऱ्या घासाला चौथ्या. दुसऱ्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचताना ऊब होऊन जास्त गेलं, कारण मध्ये एक जीव जास्त जगला.

कवट्या खोक्यात ठेवल्यात. घुबडाचं चित्र वर्गातल्या सर्वांत चांगल्या चित्रकाराने काढलं आणि तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात, छताजवळ लावलं. त्याच्या मागे खळ जरा जास्तच लागली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

१००० दाणे मोजले. तासभर लागला, दोनदा चुकले. ताटात हजार, म्हणजे भाताच्या रोपांनी केलेलं अन्न. त्यातले १०० किड्यांच्या वाटीत, त्यातले १० बेडकाच्या, त्यातला १ धामणीच्या.

‘धामणीला एकच दाणा?’

म्हणून तर खाचरात किडे अगणित, बेडूक पुष्कळ आणि धामण एखादीच. दहातला एक हा ढोबळ हिशेब आहे, जागोजागी कमीजास्त होतो. एका पायरीवरून दुसरीवर किती ऊर्जा जाते हे मोजायची वाट रेमंड लिंडमन नावाच्या तरुणाने दाखवली, अमेरिकेत मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्यावर काम करून. त्याचा लेख १९४२ च्या ऑक्टोबरात छापला गेला. तो जूनमध्येच वारला होता, सत्तावीसही पूर्ण नव्हते.

मागच्या बाकावरून प्रश्न आला: ‘आपण दाणेच खातो, म्हणजे आपल्याला शंभर?’ डाळ-भात खाल्ला तर तसंच. खेकडा खाल्ला तर कमी. खेकडा सोडायला कुणी तयार नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मेल्यावर काय, हा प्रश्न तक्त्यावर आपोआप आला. सगळे बाण वर चढत होते आणि धामण, घुबड, माणूस यांच्याकडून कुठेच जात नव्हते. ‘वाघ मेल्यावर कोण खातं’ असं पहिल्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं. धामणीबद्दल विचारलं.

गोठ्यात गेलो. शेणाच्या पोखाली शेणकिडे, खाली गांडुळं, जुन्या पोवर पांढरी बारीक छत्री. बाकी काम डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचं. क्षार मातीत परत, कार्बन हवेत परत. आबांच्या सुनेने वाळलेली गोवरी चुलीत घातली आणि ती भडकली. गाईला न पचलेल्या गवतातली ऊर्जा. ‘बाई, गोवरीत ऊन असतं’ असं उन्हावाली म्हणाली. माती, हवा, पाणी परत फिरतं. ऊन फिरत नाही, ते ऊब होऊन एकदाच निघून जातं. म्हणून सूर्याकडे जाणारी सुतळी नाही. दोघांनी बांधून पाहिली होती, ती काढली.

आबा जुनं सांगत बसले. बैल मेला की गावाबाहेर टाकायचे, संध्याकाळपर्यंत गिधाडं फक्त हाडं ठेवायची. आता कुत्रीच असतात. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक नावाचं दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावराच्या मांसात राहतं आणि त्याने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. १९९०च्या दशकापासून पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. गिधाडाची चिठ्ठी मुलांनी लावली आणि भोवती पेन्सिलने तुटक रेघ काढली.

शनिवार, २६ ऑक्टोबर

आबांचा इंद्रायणी भात कापायला आला. तक्त्यावर ३४ चिठ्ठ्या आणि मोजायचा कंटाळा येईल एवढ्या सुतळ्या. दिवाळीची सुट्टी. दार-खिडक्या बंद केल्या.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

शाळा उघडली. माझं अर्धं लक्ष २० तारखेच्या मतदानाच्या ड्यूटीत होतं, म्हणून भिंतीकडे पहिल्यांदा मुलांचंच लक्ष गेलं.

तक्त्याची खालची कड झालर झाल्यासारखी. समुद्र गेला, खेकडा अर्धा. जिथे-जिथे खळ जाड होती तिथे-तिथे कागद कुरतडलेला, आणि बाकावर बारीक काळ्या लेंड्या. तांदळाच्या कोठीतला उंदीर सुतळ्या धरून वर चढला असणार, कारण छताजवळचं घुबड पार फस्त होतं. एक पिवळा डोळा तेवढा भिंतीला चिकटून राहिलेला.

मी मोरचुदाचं आठवून कपाळाला हात लावला. मुलं मात्र जवळ जाऊन दातांचे ठसे बघत होती. उन्हावालीने कवट्यांच्या खोक्यातून नारिंगी दातांची एक काढून ठशाला लावून पाहिली. जुळत होती.

लांबोड्याने तुटलेली सुतळी उचलली, टोकाचा त्रिकोण फिरवला आणि विचारलं, ‘बाई, घुबडाकडून उंदराकडे लावू?’

‘घुबडाकडून नाही,’ उन्हावाली म्हणाली. ‘खळीकडून. खळ गव्हाची आहे.’

गव्हाची नवी चिठ्ठी करायला घेतलीय. खळ उद्या शिजवायची.